केळं, शाम्पू आणि स्पिरिट: गावच्या शाळेत डीएनए काढा, बांधा आणि वाचा

केंद्रकाम्लांचा, म्हणजे पेशीत वारशाचा मजकूर सांभाळणाऱ्या डीएनएचा आणि त्याच्या सोबत्याचा, आरएनएचा, धडा बहुतेक शाळांत एका तासिकेत उरकतो. फळ्यावर पिळाची आकृती, बाजूला चार अवघड नावं, आणि परीक्षेत 'नामनिर्देशित आकृती काढा'. पोरं ती काढतातही. पण डीएनएला दोनच धागे का, ए समोर टीच का, फॉस्फेट बाहेरच्या बाजूला का, असं विचारलं की वर्ग गप्प. या रेणूची रचना नीट हाताळली तर त्याचं काम वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणून हा धडा तीन तासिकांत घ्यावा, असं मी सुचवतो. पहिलीत डीएनए डोळ्यांनी पाहायचा, दुसरीत कागदाचा बांधायचा, तिसरीत त्यावरचा मजकूर वाचायचा. जिल्हा परिषदेची शाळा असो की आश्रमशाळा, प्रयोगशाळा नसली तरी काही अडत नाही.

सामान गोळा करताना

सगळ्यांत सोयीचं केळं. साल काळपट ठिपक्यांची झालेलं, मऊ. आपण खातो त्या बहुतेक केळ्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे तर तीन संच असतात, त्यामुळे माल भरपूर. मोड आलेले मूग किंवा कांदाही चालतो. वरुड-मोर्शीकडचे शिक्षक हमखास विचारतात, आपला संत्रा का नको? हट्ट धरू नका. संत्र्याच्या फोडीतला बराचसा भाग म्हणजे रसानं फुगलेल्या मोठाल्या पेशी. वजनाच्या मानानं पेशी कमी, म्हणून केंद्रकंही कमी, शिवाय आम्लात डीएनए खराब होतो.

मांसाहारी पर्याय हवा असेल तर कोंबडीची ताजी कलेजी उत्तम. बकऱ्याचं रक्त मात्र आणू नका. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रकच नसतं, हाती येईल ते थोड्याशा पांढऱ्या पेशींतलं. कोंबडीच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं. हा फरक वर्गात आत्ताच सांगून ठेवा, तिसऱ्या तासिकेला लागेल.

शाम्पूचं पाउच घ्या, पण कंडिशनर मिसळलेला नको. भांडी घासायचं पातळ लिक्विड असेल तर त्याहून बरं. साधं मीठ, स्वच्छ पातळ सुती कापड, काचेचे उभे ग्लास आणि एक काडी.

प्रश्न येतो तो अल्कोहोलचा. मेडिकलमधलं बिनरंगी सर्जिकल स्पिरिट चालतं, ते वर्धा-गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांतही मिळतं. दुसरी जागा म्हणजे मोबाइल दुरुस्तीचं दुकान. बोर्ड साफ करायला तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल ठेवतात. लेबलवर ९० टक्क्यांच्या वर लिहिलेलं असावं. पातळ सॅनिटायझरनं काम अर्धवट होतं, जेलनं होतच नाही. बाटली शिक्षकानं स्वतः आणावी आणि स्वतःच्याच ताब्यात ठेवावी. ते पिण्याचं नाही, विषारी आहे, आणि चटकन पेट घेतं. पोषण आहाराची चूल ज्या बाजूला असेल तिच्या विरुद्ध टोकाची खोली घ्या.

स्पिरिट थंडगार लागतं. ते फ्रीजरात ठेवू नका, ज्वालाग्राही वाफेचा धोका घरच्या फ्रिजात नको. बादलीत बर्फ फोडून त्यात दोन-तीन मुठी जाडं मीठ टाका आणि घट्ट बुचाची बाटली त्यात अर्धा तास रोवून ठेवा. मिठामुळे बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली उतरतं, आणि लोडशेडिंगशी काही देणंघेणं राहत नाही.

पहिली तासिका: काढा

अर्धं केळं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हातानं दोन-तीन मिनिटं कुस्करा, गाठी राहता कामा नयेत. दुसऱ्या भांड्यात अर्धा कप पाणी, अर्धा छोटा चमचा मीठ आणि दोन छोटे चमचे शाम्पू हलक्या हातानं मिसळा. फेस आला तर पुढे थर दिसत नाहीत, म्हणून ढवळताना घाई नको. हे पाणी पिशवीत ओता, वरून दाबत दाबत मिसळा आणि दहा मिनिटं ठेवून द्या. पिशवी कोमट-गरम पाण्यात, साधारण ५० अंशांच्या आसपास, ठेवली तर पेशीतली डीएनए तोडणारी विकरं (एन्झाइम) मंदावतात. मे महिन्यात सिमेंटच्या छतावरच्या टाकीचं पाणी बरंचसं काम करून देतं, पण तेव्हा शाळा नसते.

आता कापडातून गाळा. पिळायचं नाही, आपोआप गळू द्यायचं. दोन बोटं उंचीचा गाळलेला रस ग्लासात आला की ग्लास तिरपा धरा आणि थंड स्पिरिट कडेकडेनं, अगदी धारेनं सोडा. रसाइतकंच किंवा थोडं जास्त. ते जड नसल्यानं वरच तरंगतं. मग हात लावू नका. दोन-चार मिनिटांत दोन थरांच्या सीमेवर पांढुरके तंतू उठायला लागतात, बुडबुड्यांसकट वर चढतात. काडी हळू फिरवली की ते काडीला गुंडाळतात.

वर्गात एखादा तरी हुशार पोरगा इथेच अडवतो: "सर, पीळ तं दिसूनच नाही राहिला!" दिसणार नाहीच. डीएनएच्या रेणूची जाडी २ नॅनोमीटर. एक मिलिमीटर रुंदी भरायला पाच लाख रेणू एकाशेजारी एक ठेवावे लागतील. काडीवर आहे तो असंख्य रेणूंचा गुंता.

आणि एक प्रामाणिक सूचना. तो गुंता शुद्ध डीएनए नाही. त्यात आरएनए आहे, प्रथिनं आहेत, आणि केळ्यातलं पेक्टिन आहे. पेक्टिनही अल्कोहोलमध्ये साकळतं. म्हणून शेजारी दुसरा ग्लास शाम्पू न घालता करा आणि दोन्हींत काय-किती येतं ते पोरांना लिहायला सांगा. मूग किंवा कलेजी घेतली तर पेक्टिनची भानगड कमी होते.

कशानं काय झालं

इथे वेळ द्या. प्रयोगातला एकेक पदार्थ डीएनएच्या रचनेतलं एकेक गुपित उघडं करतो.

कुस्करल्यानं पेशीभित्तिका फुटली. पेशीपटल आणि केंद्रकाचं पटल मेदाचं असतं, ते शाम्पूनं विरघळवलं. मिठाचं काम जास्त गमतीचं. डीएनएच्या प्रत्येक धाग्याचा कणा शर्करा-फॉस्फेट-शर्करा-फॉस्फेट असा चालतो, आणि प्रत्येक फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो. सगळे रेणू ऋण, म्हणजे एकमेकांना ढकलणार. मिठातले सोडियमचे धन आयन फॉस्फेटभोवती जमले की ही ढकलाढकल कमी होते. पाण्यात मात्र डीएनए तरीही विरघळलेलाच राहतो, कारण पाण्याचे रेणू फॉस्फेट आणि सोडियमला वेगवेगळे धरून ठेवतात. अल्कोहोलला ते जमत नाही. दोघं एकमेकांना चिकटतात आणि डीएनए पाण्याबाहेर पडतो. फॉस्फेट बाहेरच्या बाजूला नसता तर हा प्रयोग असा चाललाच नसता.

याच ऋण प्रभारावर पेशीचंही काम चालतं. माणसाच्या एका पेशीत ६४० कोटींच्या आसपास जोड्या, दोन जोड्यांत अंतर ०.३४ नॅनोमीटर. पोरांना गुणाकार करू द्या. उत्तर दोन मीटरच्या थोडं वर येतं. एवढा धागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात मावतो, कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर धन प्रभार, डीएनएवर ऋण.

ही प्रथिनं काढायची असतील तर कच्च्या पपईचा चीक दोन थेंब, स्पिरिटाच्या आधी गाळलेल्या रसात घालून पाच-दहा मिनिटं थांबा. त्यातलं पपेन प्रथिनं तोडतं. चीक त्वचेला झोंबतो, तो शिक्षकानंच घालावा. फ्रीडरिक मीशर या स्विस शास्त्रज्ञानं १८६९ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनला जवळपास हेच केलं होतं. दवाखान्यातल्या पट्ट्यांवरचा पू धुऊन पांढऱ्या पेशी मिळवल्या, डुकराच्या जठरातल्या पेप्सिननं प्रथिनं तोडली, आणि उरलेल्या फॉस्फरसयुक्त पदार्थाला 'न्यूक्लिन' म्हटलं. आपल्याकडे केळं आहे, हे नशीबच.

दुसरी तासिका: बांधा

जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी फार चांगला. प्रत्येक विद्यार्थ्यानं एकच न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएच्या साखळीची एक कडी, बनवायचा: फॉस्फेटचं छोटं वर्तुळ, शर्करेचा पंचकोन आणि त्याला जोडलेली पट्टी. पट्टीची लांबी महत्त्वाची. ए (ॲडेनीन) आणि जी (ग्वानीन) हे मोठे, दोन कड्यांचे रेणू, त्यांची पट्टी ६ सेंटिमीटर. टी (थायमीन) आणि सी (सायटोसीन) लहान, एका कड्याचे, त्यांची ४ सेंटिमीटर. ए आणि टीच्या टोकाला दोन खाचा, जी आणि सीच्या टोकाला तीन. हे हायड्रोजन बंध.

आता उत्तर न सांगता म्हणा: दोन कणे सगळीकडे सारख्याच अंतरावर राहतील अशा जोड्या लावा. ए-जी लावलं तर १२ सेंटिमीटर, कणा फुगतो. सी-टी लावलं तर ८, खोलगट होतो. मोठ्यासमोर लहानच लागतो. मग खाचा जुळवताना ए समोर टी आणि जी समोर सी एवढंच उरतं. अर्विन शारगाफ यांनी वेगवेगळ्या सजीवांचे डीएनए तपासून ए आणि टी, जी आणि सी सारख्या प्रमाणात असतात हे दाखवलं होतं. त्याचं कारण इथे पोरांच्या हातात येतं. लगेच एक गणित घाला: माणसात ए साधारण ३० टक्के, तर सी किती?

पुढची अडचण मुद्दाम येऊ द्या. पंचकोनाच्या एका कोपऱ्यावर ५ आणि दुसऱ्यावर ३ लिहायला लावा. शर्करेतल्या कार्बनचे हे क्रमांक, आणि फॉस्फेट एका शर्करेचा ३ पुढच्या शर्करेच्या ५ ला जोडतो. पहिला धागा वरून खाली ५ ते ३ चिकटवला की दुसरा त्याच दिशेनं लावून पट्ट्या समोरासमोर नीट बसत नाहीत, धागा उलटा करावा लागतो. दोन धागे विरुद्ध दिशांनी धावतात, हे तोंडी सांगण्यापेक्षा कागद उलटा करताना जास्त पक्कं बसतं.

शेवटी पीळ द्या. साधारण दर दहा जोड्यांना एक वेढा, उजव्या दिशेचा, म्हणजे नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखा. छापलेल्या चित्रांत कितीतरी ठिकाणी हा पीळ डावा काढलेला असतो, वर्गातल्या भिंतीवरचा तक्ता एकदा तपासून बघा. पिळाचा आणि त्याच्या मापांचा पुरावा रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रांतून मिळाला. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये रचना मांडली, आणि १९६२ चं नोबेल त्या दोघांना व विल्किन्सना मिळालं. फ्रँकलिन १९५८ मध्येच गेल्या होत्या.

प्रतिकृती कशी होते ते आता दोन मिनिटांचं काम. धागे मधून सोडवा, अर्ध्या वर्गाला एक द्या, उरलेल्यांना दुसरा. दोन्ही गटांना नवे जोडीदार लावायला सांगा. दोन डीएनए तयार, दोन्ही सारखे, प्रत्येकात एक धागा जुना आणि एक नवा. मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये नायट्रोजनचं जड रूप वापरून नेमकं हेच सिद्ध केलं.

तिसरी तासिका: वाचा

शेताचं मूळ रेकॉर्ड दप्तरातून बाहेर पडत नाही, कामाला सातबाराची नक्कल फिरते. पेशीतही डीएनए केंद्रकातच राहतो, बाहेर जाते ती त्यातल्या हव्या तेवढ्या भागाची आरएनए नक्कल. याला प्रतिलेखन म्हणतात. आरएनए सहसा एकेरी धाग्याचा असतो, त्यात टीच्या जागी यू (युरॅसील) असतो, आणि त्याच्या शर्करेवर ऑक्सिजनचा एक अणू जास्त असतो. त्या एका अणूमुळे आरएनए लवकर तुटतो. नक्कल तुटलेलीच बरी. पेशीला एखादं प्रथिन नको झालं की नव्या नकला काढणं थांबतं आणि जुन्या आपोआप संपतात.

नक्कल रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं जोडणाऱ्या यंत्रावर, पोचली की तीन-तीन अक्षरं वाचली जातात. तीनच का? प्रथिनाच्या साखळीतले मणी म्हणजे अमिनो आम्लं, ती वीस. दोन अक्षरांच्या जुळण्या १६, पुरत नाहीत. तीन अक्षरांच्या ६४. त्यातली ६१ अमिनो आम्लांसाठी, तीन 'थांबा' म्हणणारी. हा संकेत उलगडणाऱ्यांत हरगोविंद खुराना होते. त्यांनी यू-सी-यू-सी असा ठरावीक आवर्तनाचा आरएनए प्रयोगशाळेत बनवला आणि त्यापासून सेरीन, ल्यूसीन, सेरीन, ल्यूसीन अशी साखळी निघते हे दाखवलं. १९६८ चं नोबेल त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत मिळालं. आरएनए म्हणजे केवळ निरोप्या, असं मात्र शिकवू नका. अमिनो आम्ल आणून देणारा टी-आरएनए, आणि रायबोसोममध्ये प्रत्यक्ष जोडणीचं काम करणारा आर-आरएनए, दोन्ही आरएनएच.

आता फळ्यावर हा डीएनए लिहा. तो माणसाच्या ११व्या गुणसूत्रावरचा, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकाचा सुरुवातीचा खरा तुकडा आहे, नक्कल काढायच्या धाग्याचा:

टीएसी, सीएसी, जीटीए, जीएसी, टीजीए, जीजीए, सीटीसी, सीटीसी, टीटीसी

ए समोर यू, टी समोर ए, जी समोर सी, सी समोर जी लावून आरएनए येतो:

एयूजी, जीयूजी, सीएयू, सीयूजी, एसीयू, सीसीयू, जीएजी, जीएजी, एएजी

पुस्तकातल्या तक्त्यावरून वाचा: मेथिओनीन, व्हॅलीन, हिस्टिडीन, ल्यूसीन, थ्रिओनीन, प्रोलीन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, लायसीन. पहिलं मेथिओनीन नंतर काढून टाकलं जातं, म्हणून मोजणी व्हॅलीनपासून करा. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल.

मग पहिल्या सीटीसीमधला टी पुसून ए लिहा. सीटीसीचं सीएसी. आरएनएत जीएजीचं जीयूजी. सहाव्या जागी व्हॅलीन.

हाच सिकलसेल, पुस्तकातला दात्रपेशी पांडुरोग. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, मेळघाट, कुठल्याही आरोग्य केंद्रात हा शब्द नवा नाही. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो आणि ते पाण्याशी जमवून घेतं. व्हॅलीन पाण्यापासून पळतं. ऑक्सिजन सोडल्यावर असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, दुखणं उठतं. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २०. व्हर्नन इंग्राम यांनी १९५०च्या दशकात हा एका अमिनो आम्लाचा फरक शोधला.

तपासण्यांमागची रचनाही इथेच समजावता येते. गावात होते ती विद्राव्यता चाचणी: हा हिमोग्लोबिन ठरावीक द्रावणात विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं, मागच्या रेघा दिसत नाहीत. पण वाहक (एएस, बदललेलं जनुक एकाच पालकाकडून आलेला) आणि रुग्ण (एसएस, दोघांकडून आलेला) दोघांतही गढूळच येतं. त्यांना वेगळं करायला इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या क्षेत्रात प्रथिनं वेगळी करणं) किंवा एचपीएलसी (द्रव दाबानं नळीतून सोडून त्यातले घटक वेगळे करणारी तपासणी) लागते. ग्लुटामिक आम्ल गेल्यानं एक ऋण प्रभार कमी झालेला असतो, म्हणून विजेच्या क्षेत्रात हा हिमोग्लोबिन धन टोकाकडे हळू सरकतो. आणि थेट जनुक तपासायचं असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेतात. पहिल्या तासिकेतलं बकऱ्याचं रक्त आठवलेल्या पोराला शाबासकी द्या.

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५०, दोन्ही नसण्याची २५. 'एक रुग्ण झाला, आता पुढचे तिघं बरे' हा समज घट्ट आहे, तो नाणं उडवून मोडा. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली, २०४७ चं उद्दिष्ट ठेवून. त्यात तपासणीला मोठी जागा आहे, त्यामुळे वर्गातल्या काहींकडे कार्ड असेल. ते वर्गात कुणाला दाखवायला सांगू नका. 'कुणाच्या घरी आहे' असं हात वर करून विचारू नका. लग्नाच्या बोलण्यांत मुलींना याची किंमत मोजावी लागते, आणि वर्गातली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होते. वाहक म्हणजे आजारी नव्हे, वाहकाला सहसा त्रास होत नाही, एवढं मात्र दोनदा सांगा.

कपाशीचा प्रश्न

हा धडा झाला की कापूसपट्ट्यात एक प्रश्न ठरलेला: बीटीत डीएनए टाकतात, मग देशी कपाशीत नसतो का? डीएनए प्रत्येक वाणात असतो, प्रत्येक भाजीत असतो, आपण रोज खातो. बीटीत जमिनीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं जनुक कपाशीच्या डीएनएत बसवलेलं आहे. भारतात त्याला २००२ मध्ये परवानगी मिळाली. जिवाणूचं जनुक कपाशीला वाचता येतं, कारण तीन अक्षरांचा तो ६४ जुळण्यांचा तक्ता जिवाणूत, कपाशीत आणि आपल्यात जवळपास एकच आहे. कपाशीचा रायबोसोम ते वाचून अळीला मारक प्रथिन बनवतो. गुलाबी बोंडअळीनं त्याला दाद देणं सोडलं, त्यामागेही अळीच्या डीएनएतले बदलच आहेत.

पोरं म्हणतील, मग कपाशीच्या पानाचा डीएनए काढू. निघत नाही नीट. कपाशीत गॉसिपॉल आणि इतर फिनॉलयुक्त द्रव्यं असतात, गाळलेला रस तपकिरी होतो आणि डीएनएला ती द्रव्यं चिकटतात. आणि पेरणीतून उरलेलं पाकिटातलं बियाणं तर कुणाच्याही हातात देऊ नका, त्यावर कीटकनाशक-बुरशीनाशकाचं रंगीत लेपन असतं. हरभरा भिजवून मोड आणा, दोन दिवसांत तयार होतो. उरलेला चोथा खतखड्ड्यात टाका, स्पिरिट मिसळलेलं पाणी भरपूर पाण्यासोबत उघड्यावर ओता, आणि काडीवरचे तंतू ठेवायचे असतील तर छोट्या बाटलीत स्पिरिटातच बुडवून, नाव-तारीख लिहून, कुलपाच्या कपाटात ठेवा.